मेंदूचा नकाशा आपल्या बोलीत: फिटच्या ऑपरेशनआधीची करंट-चाचणी, पायरीपायरीने

"याला म्हणतात कुलूप." कार्ड बदलतं. "याला म्हणतात छत्री." कार्ड बदलतं. "याला म्हणतात… याला म्हणतात… अहो ते, पाणी प्यायचं…" चार सेकंद जातात. यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ बटण सोडतो आणि पलंगावरच्या ताई लगेच म्हणतात, "तांब्या! तांब्याच की. मला माहीत होतं, पण तोंडात येतच नव्हता."

त्या चार सेकंदांत त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या दोन बारीक चकत्यांमधून ६ मिलिअँपिअर करंट गेला होता. ताईंना काही दुखलं नाही, काही टोचलं नाही, फक्त तांब्याचं नाव तेवढ्यापुरतं हरवलं. समोरच्या कागदावर त्या दोन चकत्यांना जोडणारी एक लाल रेघ पडली. तिचा अर्थ इतकाच, की ऑपरेशनच्या वेळी सर्जननं इथे हात लावण्याआधी दहादा विचार करायचा.

मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे. या चाचणीत कार्डं धरून पेशंटशेजारी बसण्याचं काम माझं. करंट किती द्यायचा हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतात, यंत्र तंत्रज्ञ चालवतात, पण नकाशा उमटतो तो पेशंटच्या बोलण्यातून. म्हणून घरच्यांनी आधी काय तयारी करायची, त्या दिवशी काय घडतं आणि हाती आलेला नकाशा कसा वाचायचा, हे इथे क्रमानं लिहिते आहे. तुमच्या माणसाला डॉक्टरांनी 'मॅपिंग करावं लागेल', म्हणजे असा नकाशा काढावा लागेल, असं सांगितलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी हे ठरवा: चाचणी लागणार आहे का?

फिट येणाऱ्या बहुतेकांना ती कधीच लागत नाही. अपस्मार असलेल्या दर तिघांपैकी साधारण दोघांच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात येतात. योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत नियमित घेतलेली दोन औषधं देऊनही फिट थांबत नसतील, तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. तिथून पुढे ऑपरेशनचा विचार सुरू होतो, आणि तोही फिट मेंदूच्या एका ठरावीक जागेतून सुरू होत असेल तर. आमच्याकडे माणसं इथवर पोहोचतात तेव्हा अनेकांची पंधरा-वीस वर्षं गोळ्या बदलण्यात गेलेली असतात. या उशिराचं मला फार वाईट वाटतं. दोन औषधं फसली की अपस्मार-शस्त्रक्रियेचा विभाग असलेल्या केंद्राचं मत घ्यावं. मत घेतलं म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नसतं.

ऑपरेशन ठरलेल्यांतही सगळ्यांना मॅपिंग लागत नाही. उजव्या कानशिलामागच्या भागात, एमआरआयवर स्पष्ट दिसणारा व्रण असेल आणि बाकीच्या तपासण्या त्याच्याशी जुळत असतील, तर बऱ्याचदा थेट ऑपरेशन होतं. मॅपिंग लागतं ते फिटची जागा आणि बोलण्याची, हात हलवण्याची किंवा पाहण्याची जागा शेजारी-शेजारी असते तेव्हा. काढायचा भाग कुठे संपतो आणि वाचवायचा कुठे सुरू होतो, हे तेव्हा एमआरआयच्या चित्रावरून नेमकं कळत नाही.

का कळत नाही? शाळेच्या पुस्तकात मेंदूचं चित्र असतं आणि त्यात 'वाचा केंद्र' असा एक गोल दाखवलेला असतो. खऱ्या माणसांत तो गोल त्याच जागी सापडेल याची खात्री नसते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे सर्जन जॉर्ज ओजेमन यांनी १९८९ साली ११७ पेशंटांचे नकाशे एकत्र मांडले. नावं आठवण्याच्या जागा माणसागणिक वेगळ्या होत्या आणि बहुतेक वेळा अगदी लहान, १-२ चौरस सेंटीमीटरच्या. एकाची जी जागा काढून चालली, तीच दुसऱ्याची वाचा नेऊ शकते. लहानपणापासून डाव्या मेंदूतून फिट येत असतील, तर भाषा उजवीकडे सरकलेली किंवा दोन्हीकडे वाटलेलीही असू शकते.

पायरी पहिली: महिनाभर आधी, घरी बसून

सगळ्यांत जास्त वेळ मी याच पायरीवर घालवणार आहे, कारण हिच्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं आणि हिच्यात घरच्यांइतकं काम दुसरं कुणी करू शकत नाही.

अपस्मार-शस्त्रक्रियेची केंद्रं देशात मोजकी आहेत. महाराष्ट्रातले अनेक पेशंट तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये किंवा दिल्लीच्या एम्समध्ये जातात. श्री चित्रात अपस्माराच्या शस्त्रक्रिया १९९५ पासून नियमित होत आल्या आहेत. तिथलं ज्ञान उत्तम असतं, पण कार्ड धरणाऱ्या माणसाला मराठी येईलच असं नाही. नेमकं भाषेचं मॅपिंग असेल, तर तुमच्या माणसाची बोली तुम्हालाच सोबत न्यावी लागते.

म्हणून एक वही करा. पहिल्या पानावर भाषा लिहा. कुठल्या भाषा येतात एवढ्यावर थांबू नका, कुठली भाषा कशासाठी वापरली जाते ते लिहा. गोव्यातल्या माणसाच्या घरात कोंकणी असते, वर्तमानपत्र मराठी, ऑफिस इंग्रजीत. सोलापूरच्या विणकर घरात आईशी तेलुगू आणि गल्लीत मराठी. पुष्कळ मराठी माणसं बोलतात मराठीत आणि फोन नंबर सांगतात इंग्रजीत. याला महत्त्व आहे. ओजेमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत काही जागांवर करंट दिला तर एकच भाषा अडते, दुसरी चालू राहते. मग चाचणी फक्त हिंदीत किंवा इंग्रजीत झाली, तर मराठीची जागा नकाशावर कोरीच राहू शकते, आणि कोऱ्या जागेला सर्जन सुरक्षित समजतो. रोजच्या जगण्यात लागणाऱ्या प्रत्येक भाषेत नावं विचारून घ्या, असा आग्रह धरा. डॉक्टरांना तो आवडतो, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या पानापासून वस्तूंची नावं. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध चाचणीत ६० चित्रं आहेत आणि त्यांत बीव्हर नावाचा प्राणी, ओकच्या झाडाचं फळ, एस्किमोंचं बर्फाचं घर असली चित्रं येतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला बीव्हर ओळखता आला नाही, तर त्यात त्याच्या मेंदूचा काय दोष? चित्रं घरातली हवीत: पोळपाट, लाटणं, कंदील, चप्पल, बैल, शिडी, कात्री, सूप, घागर. साठ-सत्तर तरी हवीत, कारण चित्रं खूप खपतात.

प्रत्येक चित्रापुढे तुमचा माणूस त्या वस्तूला काय म्हणतो ते त्याच्याच उच्चारात लिहा. हे मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात साताऱ्याकडच्या एका काकूंनी विळीच्या चित्राला "इळी" म्हटलं, आणि मी उच्चार बिघडला अशी नोंद केली. त्यांच्या मुलानं बाहेर आल्यावर सांगितलं, "आमच्यात इळीच म्हणत्यात." ती जागा पुन्हा तपासावी लागली. काडेपेटीला कुणी आगपेटी म्हणतं, कुणी माचिस. केरसुणीला कुणी झाडू. कोकणातला माणूस 'नारळाचं झाड' म्हणणारच नाही, तो 'माड' म्हणेल. यांतलं कुठलंही उत्तर चूक नाही, पण ते आधी कागदावर असायला हवं.

तिसरं पान शरीराला काय वाटतं त्या शब्दांचं. इथे मराठीत एक मोठा सापळा आहे आणि तो म्हणजे 'चक्कर'. आपण फिट आली तरी "चक्कर आली" म्हणतो, भोवळ आली तरी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, खोली गरगर फिरली तरी चक्कर. मेंदूच्या दृष्टीनं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या जागा दाखवतात. तेव्हा घरीच बसून ठरवा: गरगरतं तेव्हा 'गरगरतंय' म्हणायचं, अंधारी येते तेव्हा 'अंधारी', आणि नेहमीच्या फिटच्या आधी जे होतं त्याला घरचा जो शब्द असेल तो. तसंच मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, जडपणा, ओढ लागणं, कढत वाटणं. "कसंनुसं होतंय" हा शब्द टाळू नका, तो फार मोलाचा असतो, पण कुठे होतंय ते सोबत सांगायला शिकवा: पोटात, छातीत, की घशात.

हाताचा कल कुठला, शिक्षण किती, वाचन सफाईनं येतं का, चष्मा, कानाचं यंत्र, हेही लिहा. हे सगळं दोन-चार पानांत मावतं. दुसऱ्या राज्यात जाणार असाल, तर शेजारी देवनागरीतल्या शब्दाचा हिंदी किंवा इंग्रजी अर्थ कुणाकडून तरी लिहून घ्या.

पायरी दुसरी: होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

१८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला करंट देऊन पाय हलतो हे दाखवलं. चारच वर्षांनी, १८७४ मध्ये, अमेरिकेत सिनसिनाटीच्या रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरनं मेरी रॅफर्टी या बाईच्या उघड्या पडलेल्या मेंदूत सुया घालून करंट दिला. करंट वाढवल्यावर तिला जोराची फिट आली आणि काही दिवसांत ती वारली. त्या प्रयोगाचा तिला काहीच फायदा नव्हता, आणि त्या काळातल्या डॉक्टरांनीही त्यावर टीका केली. आज संमतीचा कागद सहीसाठी समोर येतो, तेव्हा तो वाचायला वेळ मागायला संकोच करू नका.

विचारा: इलेक्ट्रोड (मेंदूच्या लहरी नोंदणाऱ्या आणि करंट देणाऱ्या चकत्या किंवा सळया) कोणत्या प्रकारचे बसवणार? किती दिवस राहणार? केस किती काढावे लागतील? (बायकांसाठी हा प्रश्न लहान नाही.) इलेक्ट्रोड एकदाच वापरायचे आणि महाग असतात, त्यांतलं योजनेत किंवा विम्यात काय बसतं हे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधीच विचारून घ्या. आणि शेवटचा प्रश्न: नकाशा पाहून 'ऑपरेशन नको' असं ठरू शकतं का? प्रामाणिक उत्तर 'हो' असं आहे. ते आधी ऐकलेलं असलं, की पुढे धक्का बसत नाही.

पायरी तिसरी: इलेक्ट्रोड बसवणं आणि फिटची वाट पाहणं

दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत कवटीचा तुकडा उघडून मेंदूवर जाळी पसरतात: सिलिकॉनच्या पातळ पट्टीवर धातूच्या चकत्या, एकमेकींपासून १ सेंटीमीटरवर. नव्या पद्धतीत कवटीला बारीक भोकं पाडून ०.८ मिलिमीटर जाडीच्या सळया आत सोडतात. प्रत्येक सळईवर ओळीनं अनेक कडी असतात, करंट त्यांतूनच जातो. पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात तालेराक आणि बांको यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत घडवली. जाळीनं पृष्ठभाग सलग मिळतो, सळयांनी खोलवरच्या जागा मिळतात. सळयांमध्ये जखम लहान राहते. धोका असतोच, पण कमी: मेंदूत रक्तस्राव शंभरात साधारण एकाला होतो, आणि जंतुसंसर्गाचं प्रमाणही तेवढंच.

त्यानंतर पेशंट व्हिडिओ-ईईजीच्या खोलीत राहतो, जिथे मेंदूच्या लहरी आणि कॅमेऱ्यातलं चित्र एकत्र नोंदलं जातं. गोळ्या कमी केल्या जातात आणि सगळे फिट यायची वाट पाहतात. आयुष्यभर जिला घाबरलो, तिची वाट पाहायची, हे घरच्यांना जड जातं. पण ती कुठून सुरू होते हे पकडण्याचा तोच मार्ग आहे. या दिवसांत शेजारी बसणाऱ्यानं दोनच कामं करायची. फिट आली की बटण दाबायचं, आणि कॅमेऱ्याच्या आड उभं राहायचं नाही. पेशंटला घट्ट धरून ठेवू नका.

पुरेशा फिट नोंदल्या गेल्या, की बहुतेक ठिकाणी गोळ्या परत सुरू करतात, आणि मगच मॅपिंग होतं. हा क्रम महत्त्वाचा, कारण औषध अंगात असताना करंटमुळे फिट पेटण्याची शक्यता कमी असते.

पायरी चौथी: मॅपिंगचा दिवस

आदल्या रात्री झोप हवी. सकाळी हलकं खाणं, किती आणि केव्हा ते वॉर्डात विचारून. चष्मा डोळ्यांवर, कानाचं यंत्र कानात. हाताला सलाइनची सुई असते, म्हणजे गरज पडली तर फिट थांबवणारं औषध लगेच देता येतं.

आधी करंटशिवाय सगळी कार्डं एकदा दाखवतो. ज्या चित्राचं नाव चटकन आणि नेमकं येत नाही, ते बाजूला. नंतर अडखळला तर करंटमुळेच, अशी खात्री असल्याशिवाय नोंदीला अर्थ नाही.

मग दोन शेजारच्या चकत्या निवडतात आणि १ मिलिअँपिअरपासून सुरू करतात. सेकंदाला ५० ठोके, प्रत्येक ठोका सेकंदाच्या काही दशसहस्रांशांचा, दिशा आलटून-पालटून, म्हणजे एका जागी विद्युतभार साठत नाही. एकेका पायरीनं वाढवत जाळीवर १० ते १५ मिलिअँपिअरपर्यंत जातात, सळयांवर साधारण ५-६ पर्यंतच. प्रत्येक वेळी तीन ते पाच सेकंद, भाषेसाठी थोडं अधिक. पेशंटला करंट केव्हा चालू आहे ते सांगत नाही, आणि मधूनमधून करंट न देताच चित्र दाखवतो. नुसत्या भीतीनं माणूस अडखळतो का, हे त्यातून कळतं.

हालचाल आणि स्पर्शाच्या जागा लवकर उमगतात. अंगठा आपोआप आत वळतो, ओठाचा कोपरा ओढला जातो, तळहाताला मुंग्या येतात. मेंदूच्या मागच्या टोकाला करंट दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. कानशिलाच्या आतल्या भागात कधी पोटातून भीती वर चढते, कधी "हे आधी घडलंय" असं वाटतं. एखादी जागा उलट्या स्वभावाचीही असते: हात वर धरून बोटं नाचवायला सांगावं आणि करंट दिला की बोटं थिजावीत. नुसतं पडून राहिलं तर ही जागा सापडतच नाही, म्हणून आम्ही काही ना काही करायला सांगत राहतो.

भाषेला मात्र वेळ लागतो. इंग्रजीत चित्र दाखवून 'धिस इज अ…' असं वाक्य सुरू करायला सांगतात, म्हणजे बोलणंच थांबलं की फक्त नाव हरवलं हा फरक कळतो. त्याचं सरळ भाषांतर करून पेशंटला "हे आहे तांब्या" म्हणायला लावलेलं मी पाहिलं आहे. तसं मराठीत कुणी बोलत नाही, आणि 'हा तांब्या, ही वाटी, हे कुलूप' या लिंगांच्या गोंधळात पेशंट आधीच अडखळतो. आपल्या वाक्यात 'आहे' शेवटी येतं, तोवर करंट संपलेला असतो. म्हणून मी "याला म्हणतात…" हे सुरुवातीचे शब्द वापरते. 'याला म्हणतात' सफाईनं आलं आणि पुढे पोकळी पडली, तर नाव अडलं. 'याला म्ह…'वरच आवाज बंद झाला, तर बोलणंच थांबलं, मग जीभ ओढली गेली होती का ते वेगळं तपासायचं. ताटलीला "पळी" म्हटलं किंवा "तातली" झालं, तर त्या नोंदी वेगळ्या. एक गोष्ट मी नेहमी लिहून ठेवते: काही जण "ही… ही…" म्हणत राहतात, म्हणजे वस्तू स्त्रीलिंगी आहे हे त्यांना सापडलेलं असतं, नाव तेवढं सापडत नाही. ही नोंद इंग्रजीतल्या चाचणीत मिळणंच शक्य नाही.

चित्रांवरच थांबू नका, हे डॉक्टरांनाही सांगायला हरकत नाही. कानशिलाच्या पुढच्या भागात अशा जागा सापडतात, जिथे चित्र पाहून नाव येतं, पण ऐकून येत नाही. त्यासाठी कोडी लागतात: "कुलूप उघडायला काय लागतं?" "पावसात डोक्यावर काय धरतो?" "ताक कशानं घुसळतात?" अशी तीसेक कोडी घरीच लिहून ठेवा. क्रियापदांसाठी "बाई काय करतेय?" "लाटतेय." मोजणी, वार, बेचा पाढा यांनी नुसती वाचा तपासता येते, पण ती पाठ असल्यामुळे बारीक बिघाड त्यात झाकला जातो. आकड्यांच्या जागेजवळ काम असेल, तर एकोणपन्नासपासून उलटं मोजायला सांगते. वाचता येत असेल तर दोन ओळी जोडाक्षरांसकट वाचून घ्यायच्या. शाळा चौथीत सुटलेल्या माणसाला वाचायला लावून दमवू नये.

दुभाषा म्हणून बसणाऱ्या नातेवाइकाला एकच विनंती: भाषांतर करताना सुधारू नका. "बायको काहीतरी असंबद्ध बोलली" असं सांगायला लाज वाटते, म्हणून लोक ते गुंडाळून ठेवतात. जे निघालं तेच, जसंच्या तसं सांगा. उत्तर सुचवू नका, ओठ हलवून तर नाहीच.

एका जागेची खात्री किमान दोनदा करतो, शंका असेल तर तिसऱ्यांदा. सगळं मिळून काही तास जातात, कधी दोन दिवसांत वाटून. पेशंट दमला की थांबा म्हणा, कारण थकलेल्या माणसाच्या चुका नकाशात घुसतात.

मधेच फिट आली तर

करंट थांबल्यावरही कधी त्यानं मेंदूत उठवलेली लहर थांबत नाही, पडद्यावर काही सेकंद टोकदार रेघा धावत राहतात. असं झालं, की त्या वेळी पेशंट अडखळला असला तरी ती नोंद धरत नाहीत, कारण लहर शेजारी पसरून तिथला बिघाड दाखवत असू शकते. करंट थोडा उतरवून, लहर शांत झाल्यावर पुन्हा बघतात. लहर विझवायला त्याच जागी अगदी छोटा झटका देण्याची युक्तीही आहे. तरीही कधी फिट येतेच. ती खोलीत सगळी माणसं आणि औषधं हजर असताना येते, लोराझेपाम किंवा मिडाझोलामनं आवरते, आणि मग मॅपिंग काही वेळ थांबतं. सळयांच्या पद्धतीत तर काही वेळा करंटनं नेहमीचीच फिट मुद्दाम आणून पाहतात. ती हुबेहूब तशीच आली, तर सुरुवातीची जागा तीच, याला मोठा पुरावा मिळतो. म्हणून पेशंटला विचारतो, "ही आपली नेहमीचीच का?" घरच्यांनीही नीट पाहून उत्तर द्यावं.

मेंदूला स्वतःला वेदना नसते. पण त्याच्यावरच्या आवरणाला असते, विशेषतः कानशिलाच्या तळाशी. तिथे कधी दातात किंवा डोळ्यामागे कळ येते. लगेच सांगायचं, ती जागा सोडून देतात.

मुलांची गोष्ट थोडी निराळी. लहान मेंदू नेहमीच्या करंटला दाद देत नाही, ठोक्याची लांबीही वाढवावी लागते, आणि मूल कार्डांना कंटाळतं. त्यांच्यासाठी ओळखीची खेळणी आणि शेजारी आई, याला पर्याय मला सापडलेला नाही.

काहींचं मॅपिंग वॉर्डात न होता जागेपणीच्या ऑपरेशनमध्ये होतं. माँट्रिअलमध्ये १९३४ साली सुरू झालेल्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी हीच पद्धत घडवली. पेशंट जागा असायचा, आणि जिथे करंटनं काही घडलं तिथे मेंदूवरच आकड्याची छोटी चिठ्ठी ठेवली जायची. त्याच संस्थेत शिकलेले जेकब चांडी यांनी वेल्लोरला १९४९ मध्ये न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तिथे अपस्मारावरचं ऑपरेशन केलं. जागेपणीच्या ऑपरेशनमध्ये लहर भडकली, तर मेंदूवर गार सलाइन ओततात आणि ती विझते. कार्डं मात्र तीच लागतात, आणि तयारीही तीच.

पायरी पाचवी: नकाशा वाचताना

तुमच्यासमोर मेंदूचं चित्र आणि त्यावर रंगीत ठिपके ठेवले जातील. एका रंगात फिट सुरू होते त्या जागा, दुसऱ्यात, समजा लाल, भाषा, तिसऱ्यात हालचाल, आणि काही ठिपके रंगाशिवाय. बिनरंगी ठिपक्यांबद्दल आवर्जून विचारा: इथे पूर्ण करंट देऊनही काही घडलं नाही, की लहर भडकल्यामुळे तपासणं अर्धवट राहिलं? दोन्ही चित्रात सारखेच दिसू शकतात, पण अर्थ अगदी वेगळा. मधल्या जागेत, जिथे चकतीच नव्हती, तिथलंही काही कळलेलं नसतं.

लाल ठिपका म्हणजे ती जागा गेली तर वाचा कायमची जाणार, असंही नाही. कानशिलाच्या तळाशी नावं अडवणारी एक जागा असते, ती काढावी लागलेल्या पुष्कळांची भाषा पुढे सावरते. कपाळामागे मधोमध असलेल्या भागात ऑपरेशन झाल्यावर काही जण सुरुवातीला बोलतच नाहीत, मग काही आठवड्यांत बोलू लागतात. हे आधी माहीत नसलं तर घरात आकांत होतो. डाव्या कपाळामागच्या भागातल्या बोलण्याच्या जागेला किंवा हाताच्या जागेला मात्र सर्जन शक्यतो हात लावत नाहीत, आणि भाषेच्या ठिपक्यापासून निदान १ सेंटीमीटर दूर राहायचा प्रयत्न करतात. स्मरणशक्तीचा नकाशा या चाचणीतून नीटसा मिळत नाही. त्यासाठी लेखी-तोंडी स्मृतिचाचण्या आणि काही वेळा वाडा चाचणी असते, जिच्यात मेंदूच्या एका बाजूला काही मिनिटं झोपवतात. फंक्शनल एमआरआयनं (काम करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते दाखवणाऱ्या एमआरआयनं) भाषा डावीकडे की उजवीकडे याचा चांगला अंदाज येतो, सीमारेषेसाठी तो पुरत नाही.

मग निर्णय. लाल ठिपका आणि फिटची जागा एकच निघाली, तर डॉक्टर कमी भाग काढायचं किंवा अजिबात न काढायचं सुचवतील. फिट राहिल्या तरी चालतील पण बोलणं हवं, की थोडं अडखळलं तरी चालेल पण फिट नकोत, याचं उत्तर पेशंटनं द्यायचं असतं. कीर्तनकाराचं उत्तर वेगळं असेल, गवंड्याचं वेगळं. मुलगा किंवा नवरा परस्पर उत्तर देतो तेव्हा मी मधे बोलते आणि पेशंटकडे वळून पुन्हा विचारते.

नकाशाची आणि नोंदींच्या तक्त्याची प्रत मागून घ्या. पुढे कधी दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली, तर ती लागेल. तुमची वही आणि कार्डंही फेकू नका. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी आणि मग वर्षानं, तीच साठ-सत्तर चित्रं, त्याच क्रमानं, "याला म्हणतात…" असं म्हणत पुन्हा विचारायची असतात, आणि उत्तरं आधीच्या पानाशेजारी लिहायची असतात.